पाना कुणाच्या हातात?

विचारा की! : नोकरी, कामधंदा आणि हाताखालची माणसं

पत्र पाठवणाऱ्यांची नावं आपण छापत नाही. सोलापूर तसं लहान आहे आणि हे मासिक मालकांच्या घरीही जातं. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच : अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगच्या टेबलावर लागले आणि ट्रेनिंगचं खातं सांभाळून निवृत्त झाले. त्यामुळे माझ्या उत्तरांना सुताचा वास येतो. चालवून घ्या.

मॅडम, नमस्कार. मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, माग लावणं-दुरुस्त करणं माझ्याकडे. वय 46. वडील गिरणीत होते. माझं सगळं आयुष्य धोट्याच्या मागावर गेलं. आता मालकांनी रेपियर माग, म्हणजे बिनधोट्याचे नवे माग, आणलेत आणि डिप्लोमा झालेला एक पोरगा माझ्या हाताखाली दिलाय. म्हणतात, याला सगळं शिकवा. पोरगा वाईट नाही. मागाचा स्क्रीन मोबाइलसारखा चालवतो. मला त्यातलं इंग्रजी कळत नाही. सगळं शिकवलं तर वर्षभरात मी घरी, नाही शिकवलं तर जॉबर कामाचा नाही म्हणणार. मंडळी म्हणते, अर्धंच शिकवा. काय करावं? — एक जॉबर, नीलम नगर

नमस्कार. वहिनींना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की अर्धं शिकवलेला पोरगा सगळ्यात महाग पडतो. तो रात्रपाळीला माग खोलून ठेवतो आणि अडीच वाजता फोन तुम्हालाच येतो.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. विद्या दिल्याने वाढते वगैरे शाळेच्या भिंतीवर ठीक आहे. मालक हिशेब करतो, आणि दोन पगारांतला एक वाचत असेल तर तो वाचवतो. तेव्हा आपणही हिशेबच करू.

तुमच्याकडे जे आहे त्याचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगात धोट्याची पेटी, पिकर, पट्टा, धोट्यातली सुताची कांडी संपली की माग थांबण्याचं सगळं गणित. हे रेपियरवर लागत नाही. तिथे धोटाही नाही आणि कांडीही नाही, बाणा, म्हणजे आडवं सूत, थेट सुताच्या कोनावरून येतो. हा ढीग कुणापासून लपवून उपयोग नाही, त्याला गिऱ्हाईकच कमी होत चाललंय. दुसऱ्या ढिगात सुताची पारख आहे. कोरड्या दिवसात तारा का तुटतात, पाइलच्या, म्हणजे टॉवेलच्या लूपच्या, बीमला (उभ्या सुताच्या रुळाला) ताण किती ढिला ठेवायचा, कापडाला हात लावल्यावर काय कळतं, हे सगळं त्यात येतं. टॉवेलला दोन बीम, एक जमिनीचा आणि एक पाइलचा, हे माग जुना असो की नवा, बदलत नाही. दोन बाणे फणीने अर्धवट सरकवायचे, तिसऱ्याला पूर्ण ठोका द्यायचा, की ढिल्या तारांचा लूप उभा राहतो. नव्या मागावर हे स्क्रीनवरून ठरवता येतं, पण ठरवायचं काय ते स्क्रीन सांगत नाही. त्या पोराकडे हा दुसरा ढीग नाही. त्याला तो कॉलेजात मिळणारही नव्हता.

म्हणजे इथे सौदा होऊ शकतो. तो तुमच्याकडून घेणार आणि तुम्ही त्याच्याकडून. त्याला सरळ सांगा, 'रोज स्क्रीनचं एक पान मला मराठीत वाचून दाखवायचं.' वय मध्ये आणू नका. स्क्रीनवर येणारे दोष आणि त्यांचे नंबर काही शेकड्यांनी नसतात. नेहमी येणारे मूठभरच असतात, ते महिन्याभरात तोंडपाठ होतील. माग बसवायला कंपनीचा इंजिनिअर येतो तेव्हा बहुतेक जॉबर लांब उभे राहतात, कारण तो हिंदी-इंग्रजीत बोलतो. तुम्ही त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहा. दोघांसाठी चहा मागवा. फुकट मिळणारं त्याच्याइतकं चांगलं शिक्षण दुसरं नाही.

आता शिकवायचं कसं. आमच्या शेडमध्ये एक जुने जॉबर होते, घरची भाषा तेलुगू, मराठी तोडून बोलायचे. त्यांच्याकडे नवा पोरगा आला की त्याच्या हातात पाना द्यायचे आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. खरोखर बांधायचे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून. समजा टॉवेलच्या डाव्या बाजूला पाइल बसायला लागली. नवा पोरगा पहिल्यांदा काय करणार? ताण वाढवणार. ते काही बोलायचे नाहीत. पाइल आणखी बसायची. मग म्हणायचे, 'आधी ऐक.' माग चालू ठेवून कान लावायला लावायचे. मग, 'आता हात लाव.' पोराचा अंगठा कापडाच्या काठावरून मधे, मधून काठाकडे फिरवून घ्यायचे. एवढ्यात दोन टॉवेल वाया गेलेले असायचे. ते दोन टॉवेल त्यांच्या नावावर सेकंडमध्ये, म्हणजे दोषाच्या मालात, जायचे आणि जॉबर ते जाऊ द्यायचे. पोरगा तिसऱ्या वेळेला ताणाला हात न लावता बीम तपासायला जायचा. शिकवताना खर्च होतो तो इथे होतो, हात पाठीमागे ठेवण्यात. बऱ्याच उस्तादांना तोच झेपत नाही. ते पाना ओढून घेतात, दोन मिनिटांत माग चालू करतात आणि 'बघितलंस ना?' म्हणतात. पोराने उस्तादाची पाठ बघितलेली असते.

तुमच्या नोकरीची काळजी वेगळ्या वाटेने घ्या. एक शंभर पानी वही करा. तारीख, माग नंबर, काय बिघडलं, काय सापडलं, काय केलं, किती वेळ माग बंद राहिला. मराठीत लिहा, तेलुगूत लिहा, कुणाला कळलं नाही तर तुम्ही वाचून दाखवाल. पोराने केलेल्या कामापुढे त्याचं नाव घाला, तुमच्यापुढे तुमचं. त्याचं काम स्वतःच्या नावावर लिहायचा मोह होईल, तो आवरा. मालकाला उपदेश कळत नाही, बंद मागाचे तास कळतात. दोन-तीन महिन्यांनी वही घेऊन केबिनमध्ये जा आणि मोजकं बोला : 'शेठ, एक पोरगा तयार झाला. अजून दोन तयार करून देतो. मला जॉबर कम ट्रेनर म्हणून पत्र द्या आणि पगाराचं बोला.' पत्र लेखी घ्या. तोंडी पद दिवाळीपर्यंत टिकतं.

कागदाचं म्हणाल तर, कामावर शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनेत आहे, तिला आरपीएल म्हणतात. त्या प्रमाणपत्राने पगार वाढतोच असं नाही. पण डिप्लोमावाल्याच्या शेजारी बसताना आपल्याही हातात कागद असलेला बरा. चौकशी करून ठेवा.

आणि मालक तसाच निघाला, शिकवून घेतलं आणि नारळ दिला, तर? तसले मालक असतात. अर्धं शिकवलं असतंत तरी त्याने नारळ दिलाच असता, थोडा उशिरा. फरक एवढाच की तेव्हा तुमच्याकडे वही नसती आणि 'मी यांच्या हाताखाली शिकलो' म्हणणारं शहरात कुणी नसतं. आपल्याकडे जॉबरची नोकरी जाहिरातीने लागत नाही, चहाच्या टपरीवर लागते. तुमचे वडील गिरणीत होते, म्हणजे गिरण्या बंद पडल्यावर कुणाला कुणी बोलावून नेलं हे तुम्ही घरात ऐकलेलं असणार. आठवून बघा, ती माणसं कोण होती.

ताई, मी यंदा बी.कॉम. होतोय. सगळे मित्र पुण्याला चाललेत. मीही जाऊ का? इथे राहून काही होत नाही असं सगळे म्हणतात. — सात रस्ता

कशाला जातोस ते पत्रात कुठेच नाही. मित्र चाललेत, हे कारण वरातीला पुरतं.

पुण्यात जाऊन नोकरी शोधायची म्हणजे खोलीचं भाडं, डिपॉझिट आणि मेस हे सगळं पगाराआधी सुरू होतं. दोन महिन्यांत पैसे संपले की मिळेल ते धरावं लागतं आणि मग त्यातच अडकायला होतं. तू इथून अर्ज कर. फोनवरची पहिली मुलाखत इथूनच होते. प्रत्यक्ष बोलावलं तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जायचं आणि संध्याकाळच्या हुतात्माने परत, ती गाडी जणू त्यासाठीच आहे. हातात ऑफर आली की बॅग भर.

तोवर रिकामा बसू नकोस. एखाद्या सीएच्या नाहीतर कर सल्लागाराच्या ऑफिसात जा. जीएसटीचं रिटर्न महिन्याच्या महिन्याला भरताना बघ, टॅलीत नोंदी कर. पगार विचारायला लाज वाटेल इतका कमी असेल. सहा महिने कर. मग पुण्यातल्या मुलाखतीत 'काय येतं?' विचारल्यावर तुला 'मी मेहनती आहे' असं म्हणावं लागणार नाही.

ताई, मी युनिफॉर्मच्या कारखान्यात लाइन सुपरवायझर आहे. माझ्या लाइनवर एक मुलगी आहे, कॉलर म्हणा, खिसा म्हणा, तिच्याइतका साफ हात कुणाचाच नाही. तिला पुढे न्यावं म्हणून मी मालकांशी भांडले आणि तिला चेकर करायला तयार केलं. तर तीच नाही म्हणाली! वर चार दिवस माझ्याशी बोलली नाही. कुणाचं भलं करायला जाऊ नये हेच खरं का? — अशोक चौकाजवळून

मालकांशी भांडायच्या आधी तिला विचारलं होतंत का? पत्रात दिसलं नाही म्हणून विचारते.

रागावू नका. तुम्ही भांडलात ही मोठी गोष्ट आहे, पुष्कळ सुपरवायझर चांगली कारागीर लाइनवरून सोडतच नाहीत, कारण तिच्या जिवावर त्यांचं रोजचं टार्गेट निघतं. तुम्ही ती सोडायला निघालात. पण तिने नाही का म्हटलं असेल ते तिच्या बाजूने बघू या.

ती पीस रेटवर, म्हणजे नगामागे पैशांवर, आहे ना? शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणजे त्याआधीचे तीन-चार महिने मशीन थंड होत नाही. त्या दिवसांत साफ हाताची मुलगी चेकरच्या पगारापेक्षा जास्त नेते. तुम्हाला पद दिसलं, तिला एप्रिलचं पाकीट दिसलं. त्यातून तिची आई नाहीतर आजी विड्या वळत असेल, सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरांत वळतात, तर ती हजार विड्यांमागे इतके या हिशेबातच वाढली आहे. जेवढं केलं तेवढं मिळालं, हा हिशेब तिला समजतो आणि तो तिच्या हातात असतो. महिन्याचा पगार दुसऱ्याच्या हातात असतो.

म्हणून जेवणाच्या सुट्टीत कागद घेऊन बसा. बारा महिन्यांची तिची कमाई मांडा, फक्त सीझनची नाही. पावसाळा सरल्यावर काम ढिलं पडतं तेव्हाचे महिनेही घ्या. त्याच्या शेजारी चेकरचा पगार बारा महिन्यांचा. बेरीज कुठे झुकते ते दोघींनी मिळून बघा. कदाचित पीस रेटकडेच झुकेल. तसं असेल तर तिचं बरोबर आहे आणि मालकांनी चेकरचा पगार वाढवायला हवा.

त्याच कागदावर पीएफ आणि ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, हेही लिहा. पीस रेटवाल्यांना पीएफ नसतो असं कारखान्यात सर्रास सांगतात, ते खोटं आहे. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात पीस रेटवाल्यांनाही पीएफ लागू होतो. ईएसआयसीची पगाराची मर्यादा महिना 21,000 रुपयांची आहे आणि पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा त्यातून मिळते. तरुण मुलीला हे कुणीतरी सांगायला पाहिजे. तुम्ही सांगा. तिच्या भल्याचं चेकरपेक्षा हेच आधी होऊन जाईल.

आणखी एक कारण मला वाटतं, आणि हे ती तुम्हाला तोंडावर सांगणार नाही. चेकर झाली की पहिल्याच दिवशी तिला मैत्रिणींचे पीस अल्टरला टाकावे लागणार. जिच्या डब्यातली शेंगाची चटणी काल खाल्ली तिचीच कॉलर आज उसवायला परत द्यायची. अल्टरचा वेळ त्या मैत्रिणीच्या पीस रेटमधून जातो, म्हणजे थेट तिचे पैसे. हे करायला पहिल्यांदा कुणाचाही हात उचलत नाही. मी चेकिंगच्या टेबलावर वर्षानुवर्षं बसले आहे, तिथून जेवायच्या पंगतीत आपली जागा कशी सरकत जाते ते मला ठाऊक आहे. 'तू हुशार आहेस, होशील' म्हणून हे सुटत नाही. तिला दुसऱ्या लाइनची चेकर करता येते. आपल्या लाइनची नको. एवढ्या साध्या बदलाने बरंच सोपं होतं.

किंवा चेकर हा रस्ताच सोडा. साफ हाताच्या माणसाला माणसं सांभाळायला बसवणं हा आपल्याकडचा ठरलेला सन्मान आहे, आणि बऱ्याचदा त्यात एक चांगली कारागीर जाते आणि एक नाराज चेकर मिळते. तुमच्याकडे सॅम्पल कोण शिवतं? नव्या शाळेचं, हॉस्पिटलचं, हॉटेलचं डिझाइन आलं की पहिला पीस शिवणारा माणूस प्रत्येक कारखान्याला लागतो आणि तो सहजी मिळत नाही. तिला आठवड्यातला एक दिवस सॅम्पलच्या मशीनवर द्या, त्या दिवसाचे पैसे तिच्या सरासरी कमाईइतके धरून. त्या पैशांबद्दल मात्र मालकांशी जरूर भांडा. सॅम्पल जमलं की पॅटर्न, पॅटर्न जमलं की कटिंग. आपल्याकडे कटिंग मास्टर बाई असल्याचं मी फार कमी पाहिलंय. मास्टर म्हटलं की गळ्यात टेप टाकलेला पुरुषच डोळ्यासमोर येतो.

चार दिवस बोलली नाही त्याचं मनावर घेऊ नका. पाचव्या दिवशी बोलली ना?

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो असून जुळे सोलापुरात राहतो. दर रविवारी तरुणांसाठी विनामूल्य करिअर मार्गदर्शन व्याख्यान देतो. आरंभी हॉल भरत असे. आता चारजण येतात, त्यांतला एक माझा पुतण्या. मी डॉ. कोटणीसांसारखी आपल्याच मातीतली उदाहरणे देतो. आजच्या पिढीला ऐकण्याची सवयच राहिली नाही का? — एक ज्येष्ठ वाचक

काका, पुतण्याचं कौतुक वाटलं.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपले, याचा अभिमान कुणाला नाही? 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले, युद्धातल्या जखमींवर उपचार केले, तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवलं आणि 1942 साली तिथेच गेले. पण हॉलमध्ये बसलेल्या पोराला सोमवारी सकाळी उठून काय करायचं ते यातून कळत नाही. त्याला मोठी माणसं कळतात, रस्ता कळत नाही. पिढीला बोल लावू नका. तुम्ही तरी त्या वयात कुणाची व्याख्यानं ऐकून बँकेत लागलात?

तुमच्याकडे जे आहे ते तुम्ही हॉलमध्ये आणतच नाही. आयुष्यभर तुम्ही कर्जाच्या अर्जाच्या दुसऱ्या बाजूला बसलात. कुठला अर्ज वाचता वाचताच बाजूला पडतो हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात जिल्हा उद्योग केंद्राकडून बँकेकडे अर्ज जातात, त्यातले प्रोजेक्ट रिपोर्ट कोण करतं? एजंट. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला, नाव बदलून. भाकरी केंद्र काढणाऱ्या बाईच्या रिपोर्टात पिठाचा महिन्याचा खप काय लिहिलाय हे तिला स्वतःला माहीत नसतं, आणि मॅनेजर पहिला प्रश्न तोच विचारतो. बरोबर ना?

तर व्याख्यान बंद करा. रविवारी एक टेबल, दोन खुर्च्या. एका वेळी एकच माणूस, त्याचा स्वतःचा कागद घेऊन. कर्जाचा अर्ज असेल, बायोडेटा असेल, बँकेच्या परीक्षेनंतरच्या मुलाखतीची तयारी असेल. त्या बाईला मॅनेजरसारखे प्रश्न विचारा आणि तिची उत्तरं तिच्याच हाताने लिहून घ्या. तुम्ही लिहून देऊ नका. एका रविवारी दोन माणसं झाली तरी खूप झाली.

जमलं तर आणखी एक. तुमच्या फोनमध्ये जे नंबर आहेत त्यातला एखादा फिरवा. 'एक मुलगा पाठवतोय, नोकरी देऊ नकोस, दोन दिवस ऑफिसात बसू दे.' आपली माणसं सल्ला भरभरून देतात, पण शब्द टाकायची वेळ आली की कचरतात, कारण पोरगं वाया गेलं तर आपलं नाव जातं. जाऊ दे थोडं. निवृत्तीनंतर ते नाव ठेवून तरी काय करायचंय?

हॉल भरणार नाही, हे आधीच सांगते.

ताई, मी सेल्सच्या नोकरीसाठी चार ठिकाणी अर्ज केले, एकाही ठिकाणाहून बोलावणं नाही. बायोडेटा सोबत पाठवतोय. माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणूनच होत असेल ना? — साखर पेठ

बायोडेटा पाहिला. 'भाषा' या रकान्यात तू लिहिलंयस : मराठी, हिंदी, इंग्रजी. हेच तुझे सगळे मित्र लिहितात, आणि पुण्या-नाशकातली पोरंही हेच लिहितात. मग पत्राच्या मागच्या पानावर, घरची माहिती देताना, तू सहज लिहून गेलास की घरी तेलुगू बोलतो, आजोळ इंडीकडचं म्हणून कन्नड येतं आणि गल्लीत उर्दू.

अरे बाबा, हे मागच्या पानावर कशाला?

सोलापूरच्या दुकानदाराचं, डिस्ट्रिब्यूटरचं, टॉवेल-चादरवाल्याचं अर्धं गिऱ्हाईक विजापूर, कलबुर्गी, हुबळी, हैदराबादकडचं आहे. चाटी गल्लीत उभा राहा, एका तासात चार भाषा कानावर येतील. हैदराबादच्या व्यापाऱ्याकडून थकलेली उधारी तेलुगूत मागितली तर जी येते ती इंग्रजी मेलने येत नाही, हे कुठल्याही मालकाला विचार. ज्या गोष्टीसाठी कंपनीला दुसरा माणूस ठेवावा लागेल ती तुझ्याकडे जन्मापासून आहे, आणि घरात बोलतो ती भाषा शिक्षणात धरत नाहीत म्हणून तू ती लपवलीस. तू एकटा नाहीस. पूर्व भागातल्या मुलांचे बायोडेटे मी वर्षानुवर्षं पाहिले, सगळ्यांच्या या रकान्यात घरची भाषा गायब.

इंग्रजी कच्चं आहे ते खरं, अर्जात तीन चुका आहेत, लाल पेनाने खुणा करून परत पाठवतेय. ते रोज थोडं थोडं कर, त्याला वेळ लागेल. हा रकाना आज रात्री बदल. नुसती नावं लिहू नकोस. तेलुगू : बोलतो, वाचता येत नाही. कन्नड : बोलतो, गिऱ्हाइकाशी व्यवहार करता येतो. उर्दू : बोलतो. खरं तेवढंच लिही, कारण मुलाखतीत समोरचा हुबळीचा निघाला तर तो कन्नडमध्येच सुरू होईल. आणि सगळ्यात वर, नावाखाली, एक ओळ घाल : सोलापूर, विजापूर, कलबुर्गी, हैदराबाद भागात फिरतीची तयारी. तयारी खरंच असेल तरच. आईला विचारून.